आत्याच्या गाडीचा एकच सूर

आमच्या आत्याला कुणी "कशी आहेस?" विचारलं, की ती म्हणते, "चालू आहे." बाकीची माणसं मजेत असतात, बरी असतात, नाहीतर त्यांचे गुडघे दुखत असतात. आत्या चालू असते. अख्खी नोकरी जनरेटरच्या खोलीत काढल्यावर माणसाचं असं होतं.

नोकरी बर्फाच्या कारखान्यातली. विजेचा भरवसा नव्हता आणि बर्फाला थांबून चालत नाही, म्हणून कारखान्याच्या मागे एका खोलीत दोन डिझेल जनरेटर होते, एक थोरला आणि एक धाकटा. आत्या तिथे लागली ती जमिनीवर सांडलेलं तेल पुसायला. मग कुणी निवृत्त झालं, कुणी कंटाळून सोडून गेलं, आणि तेल पुसता पुसता आत्या खोलीची मालकीण होऊन बसली. तिला विचाराल तर ती सांगेल, "माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं." नम्रपणा आमच्या घराण्यात कुणाच्याच वाट्याला आलेला नाही, आणि आत्या तर भावंडांत थोरली.

जनरेटरच्या इंजिनाचं एक असतं. त्याला एकाच वेगाने फिरायचं असतं. कारखान्यात चार दिवे लागोत की चाळीस, पंप सुरू होवो की बंद पडो, इंजिनाचा सूर हलता कामा नये. हलला म्हणजे काहीतरी बिघडलं. आत्याचा कान या गोष्टीवर इतका बसलेला, की आमच्या घरी जेवायला आली आणि बाहेरून एखादी गाडी वेग वाढवत गेली, तरी तिचा घास हातातच राहायचा. "गप्प," ती म्हणायची. गाडी लांब गेली की, "हं, बोल." मला याचा भयंकर राग यायचा, कारण नेमकी मीच बोलत असायची.

आतोबांचं आणि तिचं लग्न याच खोलीमुळे जमलं. आतोबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. त्यांची पत्र्याची शेड जनरेटरच्या खोलीला पाठ लावून उभी होती. एकदा भर दुपारी आत्याने धाकट्याचं तेल बदलायला इंजिन बंद केलं, तर थोड्या वेळात एक उंच माणूस हातात ओला ब्रश घेऊन दारात हजर. आत्याला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आलाय. तिने बाह्या सरसावल्या. तो म्हणाला, "बाई, बंद का केलंत? माझं अक्षर अर्धं राहिलंय."

त्यांचं म्हणणं असं, की इंजिन चालू असलं की हात स्थिर राहतो. आमच्या घरात आजवर एकाही माणसाने यावर विश्वास ठेवलेला नव्हता. माझे बाबा तर त्यांना तोंडावर सांगायचे, "भाऊजी, सरळ सांगा ना, पोरगी बघायला आला होता!" आतोबा हसून सोडून द्यायचे. लग्नकार्यात नवीन पाहुणे आले की ही गोष्ट हमखास निघायची आणि सगळे खोखो हसायचे. थाप म्हणून ती फार गोड होती.

पुढे आतोबा शिडीवरून पडले. हाडं जुळली, पण कमरेचा सांधा असा आखडला की वाकायचं नावच घेईना. ते उभे राहू शकत होते आणि आडवे होऊ शकत होते. बसणं तेवढं गेलं. कपाटावर ताट ठेवून उभ्याने जेवायचे आणि वर म्हणायचे, "मी काय, कायमचाच निघायच्या तयारीत!"

बसता येत नाही म्हटल्यावर रिक्षा बाद, बस बाद, कुणाचीही गाडी बाद. त्यांना नेऊ शकेल अशी जगात एकच गाडी होती, ती म्हणजे त्यांचीच जुनी स्टेशन वॅगन. पाट्या आणि शिड्या वाहायला घेतलेली, पुढून मागे बघावं तर संपतच नाही अशी. आम्ही तिला लांबडी म्हणायचो. मागची सीट आडवी पाडली, त्यावर गादी टाकली, की आतोबा मागच्या दारातून सरकत आत जायचे आणि ऐटीत आडवे पडून सगळीकडे फिरायचे. रस्ते त्यांना दिसायचे नाहीत. पण कुठल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोणते पडदे आहेत, हे त्यांच्याइतकं कुणालाही माहीत नव्हतं.

आणि मग लांबडीचं इंजिन गेलं. पेट्रोलचं इंजिन, चढावर तापलं आणि आतून तडकलं. गॅरेजवाल्याने झाकण उघडून पाहिलं आणि हात वर केले. तसलं इंजिन आता कुठे मिळत नाही म्हणाला. आतोबा घरात अडकले.

त्याच सुमारास कारखानाही बंद पडला. निरोप देताना साहेबांनी आत्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. आत्या म्हणाली, घड्याळ नको, धाकटा द्या. साहेबांना वाटलं थट्टा करतेय. आत्या थट्टा करत नाही. जनरेटरचं इंजिन टेम्पोत घालून ती आमच्या अंगणात घेऊन आली, कारण तिच्या घराला अंगण नाही. "राहू दे इथे. खात नाही, पीत नाही," असं म्हणाली आणि वर ताडपत्री टाकून निघून गेली. मी वर्षभर त्या ताडपत्रीला वळसा घालून कपडे वाळत घातले.

इंजिनावरची ताडपत्री निघाली ती चिमणीमुळे. चिमणी म्हणजे आत्याची मुलगी. नाव चिमणी असलं तरी दारातून आत येताना तिला तिरकं व्हावं लागतं. लग्न होऊन ती डोंगरावरच्या गावात गेली आणि तिथे तिने चष्म्यांचं दुकान काढलं. दुकानाच्या दाराशेजारची भिंत पांढरी करून ठेवली आणि जाहीर केलं, की पाटी माझा बाबाच रंगवेल, तीही इथेच, भिंतीवर, नाहीतर भिंत कोरी राहील. आतोबांनी फोनवर सांगितलं, "अगं, गाडी असती तर आलोच असतो." चिमणीनेही हट्ट सोडला नाही. चष्म्याचं दुकान आणि बाहेर वाचायला काही नाही, म्हणून गावात हसू होत होतं.

"अँब्युलन्स करू की," मी एकदा सुचवलं.

"अँब्युलन्समधून मी एकदा आलोय," आतोबा म्हणाले. "पुन्हा नाही."

त्या दिवशी त्यांच्या घरून परत येताना आत्या माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत आली. एरवी ती दारातूनच हाकलते. "गाडीचं निमित्त आहे गं," ती म्हणाली. "पडल्यापासून त्यांनी ब्रशला हात लावलेला नाही. घरी एकदा खडूने काहीतरी काढत होते, मी आले तर पुसून टाकलं. हात कापतोय त्यांचा. आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते खोलीतून निघत नाहीत. आता नाही निघाले तर कधीच निघायचे नाहीत. मला भीती वाटते बघ." आत्या भीती वाटते म्हणाली, हे माझ्या कानांना खरंच वाटेना.

"मग काय करणार?"

"गाडी असती तर आलोच असतो म्हणालेत ना? देते गाडी."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाचा कारखाना झाला. इंजिन बदलायची रीतसर परवानगी आत्याने सरकारी ऑफिसात ठिय्या देऊन काढली. लांबडीला ढकलत आणलं, साखळीच्या पुलीने तिचं मेलेलं इंजिन वर उचलून काढलं, आणि मग प्रश्न आला मापांचा. माझे बाबा शिंपी. आत्याने त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि गाडीच्या पोटात डोकं घातलं. ती आतून आकडे ओरडायची आणि बाबा कापडावर लिहितात तसे खडूने फरशीवर लिहायचे. छाती, कंबर, उंची. इंजिनाची छाती बसत होती, उंची बसत होती, कंबरेत मात्र जरा घट्ट होत होतं.

"ताई, बाजूने थोडं सोडावं लागेल," बाबा अनुभवाने म्हणाले.

आणि खरंच बाजूच्या पत्र्याला थोडं सोडावं लागलं. वेल्डरने येऊन पत्रा कापला आणि नवीन जोडला.

पेट्रोलच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि जनरेटरचं इंजिन यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. यांचे बोल्ट त्यांच्या भोकांत जात नाहीत. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी पाट बसवावा लागतो, ज्याला एका बाजूने एकाची भोकं आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याची. लेथवाला म्हणाला, नमुना दिल्याशिवाय करणार नाही. बाबांनी पँट बेतायच्या पुठ्ठ्यावर तो नमुना कापून दिला, इतका नेटका, की लेथवाल्याने "शिवणार कोण?" असं विचारलं. बाबा दोन दिवस खुशीत होते.

डिझेलचं इंजिन जड. ते बसवल्यावर लांबडीने नाक खाली घातलं, जसं काही जमिनीवर पडलेलं नाणं शोधतेय. मग पुढे टेम्पोच्या स्प्रिंगा आल्या. मग बॉनेट लागेना, म्हणून त्याला मध्ये उंचवटा काढला. मग लक्षात आलं की डिझेलचं इंजिन किल्ली फिरवून बंद होत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. त्यासाठी एक केबल ओढून आणून डॅशबोर्डवर बाहेर काढली आणि तिच्या टोकाला बाबांनी कोटाचं मोठं बटण लावून दिलं. बटण ओढलं की इंजिन गप्प. हे सगळं होईपर्यंत आमच्या नाकी नऊ आले होते आणि माझे वाळत घातलेले सगळे कपडे एकाच करड्या रंगाचे झाले होते.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा धुराचा असा लोट उठला, की पलीकडच्या घरातले लोक गच्चीवर आले. मग धूर निवळला आणि सूर लागला. आत्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं, डोळे मिटले. वेगाचा स्क्रू पाव आटा फिरवला. पुन्हा ऐकलं. मग तो स्क्रू हलू नये म्हणून कारखान्यात आवळायची तसाच त्यावरचा नट घट्ट आवळला, वर रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाली, "चालू आहे." त्या वेळी तिचा चेहरा मी बघत होते. खूप दिवसांनी घरचं माणूस भेटावं तशी ती दिसत होती, आणि वर्षभर ताडपत्रीला शिव्या घातल्याचं मला वाईट वाटलं.

अंगणातल्या अंगणात तिने गाडी पुढे-मागे करून पाहिली. क्लच दाबला, सोडला, गाडी पुढे. क्लच दाबला, सोडला, गाडी मागे. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळे इतके खूश होतो, की एक गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नाही.

निघायचा दिवस उजाडला. आत्याने गाडी स्वतःच्या दारात आणली, तीही पहिल्या गिअरमध्ये, कारण गल्लीत वळणंच तेवढी. आतोबांनी नाना कारणं काढून पाहिली. पाठ दुखतेय. आभाळ आलंय. ब्रश सुकलेत. आत्याने ब्रशांची पेटी आधीच गाडीत ठेवली होती. शेवटी ते मागच्या दारातून गादीवर सरकले, डोकं मागे, पाय आमच्याकडे. मी पुढे आत्याच्या शेजारी बसले. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, आत्याने ॲक्सिलरेटरवर पाय दिला. काही झालं नाही. तिने आणखी दाबला. इंजिन आपल्या सुरात, जसंच्या तसं.

आत्याने गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून बघितलं. मीही वाकले. पेट्रोलचं इंजिन काढताना ॲक्सिलरेटरची केबल सुतळीने बांधून बाजूला ठेवली होती, ती तशीच बांधलेली. पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं. नोकरीभर आत्याने ज्या इंजिनाचा वेग कधी बदलू दिला नाही, त्याचा वेग पायाने बदलायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"आत्या," मी दबक्या आवाजात म्हटलं, "अगं, हे कसं विसरलीस?"

"ओरडू नकोस."

"सुतळी आहे ना, तिनेच केबल इंजिनाला बांधून..."

"नट काढला तर सेटिंग जाईल."

"खड्ड्यात गेलं सेटिंग!"

"का थांबली गाडी?" मागून आतोबांचा आवाज आला. त्यात आशा इतकी स्पष्ट होती, की मला हसू आलं आणि कीवही आली. "काही बिघडलंय का? राहू दे मग. चला परत. मला उतरवा."

आत्याने माझ्याकडे बघितलं. परत गेलो तर ते उतरतील, आणि उतरले की पुन्हा चढायचे नाहीत, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तिने पाय पेडलवरून काढून घेतला, चप्पल नीट केली आणि म्हणाली, "काही बिघडलेलं नाही. गिअर किती आहेत?"

"चार."

"मग चार वेग आहेत. पुष्कळ झाले."

अशी आमची वरात निघाली. पहिल्या गिअरला माणूस चालतो त्या वेगाने, दुसऱ्याला पळतो त्या, तिसऱ्याला सायकलच्या, आणि चौथ्याला, आत्याच्या शब्दांत, "सभ्य माणसासारखी." मध्ये काही नाही. सपाट रस्त्यावर मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून आमचे कान किटवले. एक बसवाला बाजूने जाताना खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मावशी, ढकलू का?" आत्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग चढ सुरू झाला. जनरेटरच्या इंजिनाची गंमत तिथे कळली. ओझं वाढलं की ते स्वतःच जास्त डिझेल घेतं आणि वेग सोडत नाही, त्याचा जन्मच त्यासाठी झालेला. पुढच्या गाड्या दमायला लागल्या, खाकरायला लागल्या, आणि लांबडी तिसऱ्या गिअरमध्ये सपाटीवर होती त्याच चालीने वर निघाली. एका वळणावर तो बसवाला बॉनेट उघडून उभा होता. वाफ निघत होती. आत्याने मान बाहेर काढली. "ढकलू का?" एवढंच विचारलं आणि दिवसभर पुरेल इतकी खूश झाली.

मी मागे वळून बघितलं, तर आतोबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. मग आतोबा म्हणाले, "हा धाकटा ना गं?"

"हो," आत्या म्हणाली.

"तरीच."

तरीच काय, हे मी विचारणार होते, पण आत्या बोट वर करून ऐकत होती.

चिमणी रस्त्यावर येऊन उभी होती. गाडी थांबली, आत्याने बटण ओढलं, इंजिन गप्प झालं. बापाला मागच्या दारातून ओढून उभं करताना चिमणी एकाच वेळी रडत होती आणि रागावत होती. पांढरी भिंत तिने मुद्दाम खांद्याच्या उंचीला ठेवली होती, शिडी लागू नये म्हणून. आतोबांनी रंग कालवला, दोरी लावून दोन रेघा आखल्या. जाणारे-येणारे थांबले. मला वाटत होतं त्यांना हाकलून द्यावं. आतोबांनी ब्रश बुडवला, भिंतीला टेकवला, आणि पहिल्याच उभ्या रेघेला त्यांचा हात थरथरला. रेघ वाकडी गेली. त्यांनी फडक्याने पुसली. पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. पुन्हा पुसली. भिंतीवर निळा डाग पडला. कुणीतरी मागे कुजबुजलं. आतोबांनी ब्रश खाली घेतला आणि त्यांचे खांदे उतरले. घरातल्या त्या खोलीत ते आत्ताच परत जाऊन उभे राहिलेत असं मला दिसलं.

चिमणी म्हणाली, "राहू दे बाबा, उद्या बघू."

आतोबा भिंतीकडेच बघत होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "बंद का केलंस?"

आम्हाला वाटलं ते चिमणीशी बोलतायत. आत्या मात्र गाडीशी टेकून उभी होती ती ताठ झाली.

"माझं अक्षर अर्धं राहिलंय," आतोबा म्हणाले.

आत्या आत बसली, किल्ली फिरवली. धाकटा एकदा खोकला आणि त्याने आपला सूर धरला. आतोबांनी डोकं जरासं कलतं करून तो ऐकला. मग ब्रश उचलला. रेघ वरून खाली आली, सरळ, एका दमात. तिच्यातून "च" वळला. मग "ष"चं पोट, त्याच्यातली तिरकी रेघ, आणि त्याला जोडून "म". मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो हलत नव्हता. वर्षानुवर्षं आम्ही ज्या गोष्टीला हसलो ती थाप नव्हती, खरोखरच तसं होतं, आणि ते खरं आहे हे अख्ख्या घराण्यात फक्त त्या दोघांना माहीत होतं. आत्याने नट का काढू दिला नाही, हे मला तिथे कळलं.

बघ्यांपैकी एकजण आत्याला म्हणाला, "बाई, इंजिन बंद करा की, उगाच धूर होतोय."

आत्या रडत होती. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत. "काम चालू आहे," ती त्याला म्हणाली, अशा आवाजात की तो चार पावलं मागे सरकला.

आतोबांनी शेवटची मात्रा दिली, अक्षरांवरची रेघ एका झटक्यात ओढली आणि मागे सरून पाहिलं. भिंतीवर "चष्मे" असं उभं होतं, रस्त्याच्या पलीकडून, चष्म्याशिवायही वाचता येईल असं. चिमणी मोठ्याने हसायला लागली. आतोबांनी ब्रश फडक्याला पुसला, गाडीच्या खिडकीपाशी आले, आणि वाकता येत नाही म्हणून ताठ उभ्यानेच छपराला उद्देशून बोलले.

"आता बंद केलंस तरी चालेल."

आत्याने लगेच केलं नाही.